आठ तासांचं लॉगिन, एका तासाची किल्ली: एडब्ल्यूएसची तात्पुरती क्रेडेन्शियल्स टर्मिनलवरून कशी घ्यायची

आमच्या टीममध्ये नवीन कुणी रुजू झालं की पहिल्या दिवशी हा फोन मलाच येतो. "ताई, एडब्ल्यूएसची किल्ली कुणाकडे मागू?" मी नाशिकहून घरून काम करते, बाकीची मंडळी पुण्यात, एक जण इचलकरंजीला. त्यामुळे कमांड मी बहुतेक वेळा फोनवरच वाचून दाखवते आणि इथेही तशाच लिहिल्या आहेत, कानावर पडतात तशा. टर्मिनलवर टाइप करताना त्या नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत, सगळी अक्षरं लहान. एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, टाइप करताना ए, डब्ल्यू, एस ही तीन अक्षरं. एसएसओ म्हणजे सिंगल साइन-ऑन, एकाच लॉगिनने सगळीकडे जाणं, अक्षरं एस, एस, ओ. मोठी अक्षरं लागतील तिथे तसं सांगेन. दोन आडव्या रेघा दिसल्या तर दोन्ही द्यायच्या, मध्ये जागा सोडायची नाही.

त्या फोनवरच्या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे: किल्ली कुणाकडेच मागायची नाही. सकाळी एकदा स्वतःच्या ऑफिसच्या लॉगिनने आत जायचं आणि दिवसभर लागेल तेव्हा लागेल तेवढी किल्ली टर्मिनलच आणून देईल. संध्याकाळी ती आपोआप मरेल.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते, त्याला कारण आहे. आधीच्या नोकरीत एक सहकारी सोडून गेला. त्याचा ईमेल त्याच संध्याकाळी बंद झाला, लॅपटॉप परत आला, ओळखपत्र जमा झालं. त्याच्या नावाची अ‍ॅक्सेस की, म्हणजे कायमची किल्ली, मात्र चालूच राहिली, कारण ती कुणाच्याच यादीत नव्हती. अकरा महिन्यांनी ऑडिटची तयारी करताना मला ती दिसली आणि मी बंद केली. नऊ दिवसांनी कळलं की रात्री दोनला डेटाबेसचा बॅकअप घेणारं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) त्याच किल्लीवर चालत होतं. नऊ रात्री बॅकअप झालाच नव्हता. बॅकअप फसला की निरोप ज्या पत्त्यावर जायचा, तो पत्ताही त्याच माणसाचा होता. त्या नऊ दिवसांत डेटाबेसला काही झालं नाही, पण झालं असतं तर ग्राहकांच्या नऊ दिवसांच्या नोंदी आम्ही कुठून आणल्या असत्या, हा विचार मला आजही सोडत नाही.

कायमच्या किल्लीचे दोन भाग असतात: एक ओळख क्रमांक आणि एक गुप्त भाग. ज्याच्या हाती हे दोन्ही पडले तो आत आला, मग तो कुणीही असो, कितीही वर्षांनी असो. तात्पुरत्या किल्लीचे भाग तीन. तिसरा म्हणजे सेशन टोकन, एक भलीमोठी अक्षरांची माळ, आणि त्यासोबत मुदत. मुदत संपली की तिन्ही भाग मिळून निव्वळ मजकूर उरतो. कुठली किल्ली कोणती, हे पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतं. कायमची असेल तर सुरुवात एकेआयए अशी, तात्पुरती असेल तर एएसआयए, सगळी मोठी अक्षरं. एखाद्या फाइलमध्ये, चॅटमध्ये, जुन्या स्क्रिप्टमध्ये एकेआयए दिसलं की मी हातातलं काम थांबवते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. एडब्ल्यूएसमध्ये ही एकाच लॉगिनची सोय ज्या सेवेतून मिळते तिचं नाव आयएएम आयडेंटिटी सेंटर. २०२२ च्या जुलैपर्यंत तिला एडब्ल्यूएस सिंगल साइन-ऑन म्हणत. नाव बदललं, पण कमांडमध्ये एसएसओच राहिलं, त्यामुळे कागदपत्रांत एक शब्द आणि टर्मिनलवर दुसरा असं दिसलं तर गोंधळू नका. तुमच्या कंपनीत लोक मायक्रोसॉफ्टच्या, गुगलच्या किंवा ओक्टाच्या लॉगिनने आत जात असतील तर तेच लॉगिन याच्या मागे जोडलेलं असतं. वेगळा पासवर्ड लक्षात ठेवायचा नसतो.

आधी लॅपटॉपवरच्या एडब्ल्यूएस प्रोग्रामची आवृत्ती बघा:

एडब्ल्यूएस --व्हर्जन

उत्तरात १ ने सुरू होणारा आकडा आला तर इथेच थांबा. पिप, म्हणजे पायथनची इन्स्टॉल करायची कमांड, वापरून टाकलं असेल तर बहुधा हीच जुनी आवृत्ती आलेली असते आणि तिच्यात एसएसओ लॉगिनची ही सोय नाही. एडब्ल्यूएसच्या साइटवरून आवृत्ती २ चा इन्स्टॉलर घ्या. जुनी काढून मगच नवी टाका, नाहीतर टर्मिनल जुनीच उचलत राहतं आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. २.९ पासून पुढची असेल तर खाली सांगते ती मांडणी चालते. २.२२ किंवा पुढची असेल तर लॉगिनची पद्धतही जास्त सुरक्षित मिळते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

मग तुमच्या अ‍ॅडमिनकडून तीन गोष्टी घ्या. पहिली, स्टार्ट यूआरएल, म्हणजे कंपनीच्या लॉगिन पोर्टलचा पत्ता, ज्याच्या शेवटी 'स्टार्ट' असतं. दुसरी, आयडेंटिटी सेंटर कुठल्या रीजनमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या कुठल्या भौगोलिक ठिकाणी, चालू केलंय ते. तिसरी गोष्ट कागदावर मिळत नाही: कुठल्या अकाउंटमध्ये कुठली परमिशन तुम्हाला दिली आहे याची खात्री. ही नेमणूकच झाली नसेल तर लॉगिन व्यवस्थित होतं आणि यादी रिकामी दिसते.

रीजनपाशी माझे निम्मे फोन अडकतात, म्हणून जरा थांबते. इथे दोन रीजन आहेत आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एक, आयडेंटिटी सेंटर जिथे बसलंय ते. दुसरं, तुमचे सर्व्हर जिथे आहेत ते. आमचे सर्व्हर मुंबईत, म्हणजे एपी-साउथ-१. पण कंपनीचं आयडेंटिटी सेंटर कुणी आधीच अमेरिकेतल्या व्हर्जिनियात उघडून ठेवलेलं असू शकतं. पुढची कमांड एसएसओचं रीजन विचारेल, त्या प्रश्नाला तेच उत्तर द्यायचं, मुंबई नाही. चुकीचं रीजन दिलं की पत्ता अगदी बरोबर असूनही 'विनंती अवैध' असा निरोप येतो आणि लोक पत्ताच पुन्हा पुन्हा तपासत बसतात.

आता मुख्य कमांड:

एडब्ल्यूएस कॉन्फिगर एसएसओ

ही एकेक प्रश्न विचारत जाते. सेशनचं नाव काय? छोटंसं द्या. आमचं 'काम' एवढंच आहे. मग स्टार्ट यूआरएल, मग ते रीजन, मग स्कोप. स्कोपसाठी ती जे सुचवते तेच ठेवून एंटर दाबा. यानंतर ब्राउझर उघडतो, तिथे ऑफिसचं लॉगिन, मोबाइलवरचा दुसरा टप्पा, आणि शेवटी 'या प्रोग्रामला परवानगी द्यायची का' असा प्रश्न. हो म्हणा आणि टर्मिनलवर परत या. तिथे तुम्हाला मिळालेली अकाउंट एकाखाली एक आलेली असतात. बाणाच्या बटणांनी एक निवडा, मग त्यातला रोल (तिथली तुमची भूमिका आणि तिचे अधिकार), मग सर्व्हरचं रीजन, आणि सगळ्यात शेवटी प्रोफाइलचं, म्हणजे या सगळ्या निवडीचं मिळून, एक नाव.

ते नाव स्वतः द्या. न दिलं तर रोलचं नाव आणि बारा आकडी अकाउंट क्रमांक जोडून एक लांबलचक नाव तयार होतं. असं नाव दिवसातून चाळीस वेळा टाइप करताना कधीतरी चुकीच्या अकाउंटवर हात पडतो. आमच्याकडे नावात आधी अकाउंट आणि मग अधिकार: 'डेव्ह-वाचन', 'डेव्ह-बदल', 'प्रोड-वाचन', 'प्रोड-बदल'. डेव्ह म्हणजे करून बघायचं अकाउंट, प्रोड म्हणजे प्रत्यक्ष ग्राहकांचं. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत लिहितो, पण शब्द मराठीच ठेवले आहेत, कारण फोनवर "प्रोड-बदल वर आहेस का?" असं विचारलं की समोरचा क्षणभर थबकतो आणि मला तो क्षण हवा असतो.

एवढं झालं की घरच्या फोल्डरमधल्या .एडब्ल्यूएस या फोल्डरात कॉन्फिग नावाची फाइल तयार झालेली असते. ती एकदा उघडून बघाच. साधारण अशी दिसेल:

[एसएसओ-सेशन काम]
एसएसओ_स्टार्ट_यूआरएल = तुमच्या पोर्टलचा पत्ता
एसएसओ_रीजन = आयडेंटिटी सेंटरचं रीजन
एसएसओ_रजिस्ट्रेशन_स्कोप्स = एसएसओ:अकाउंट:अ‍ॅक्सेस

[प्रोफाइल डेव्ह-वाचन]
एसएसओ_सेशन = काम
एसएसओ_अकाउंट_आयडी = ११११२२२२३३३३
एसएसओ_रोल_नेम = तुमच्या रोलचं नाव
रीजन = एपी-साउथ-१

या फाइलमध्ये गुप्त असं काहीही नाही. पत्ता, आकडे, नावं. म्हणून आम्ही चारही प्रोफाइल लिहिलेली ही फाइल टीमच्या रेपोमध्येच (सगळ्यांच्या सामायिक कोडच्या साठ्यात) ठेवतो. नवीन मुलगा ती जशीच्या तशी आपल्या जागी ठेवतो आणि वरची प्रश्नोत्तरं त्याला करावीच लागत नाहीत. ज्या रोलची नेमणूक त्याच्या नावे नाही, ते प्रोफाइल फाइलमध्ये असूनही त्याला नकारच मिळतो.

एक नियम मी हट्टाने पाळायला लावते: 'डिफॉल्ट' नावाचं प्रोफाइल बनवायचं नाही. ते असलं की प्रोफाइल सांगायला विसरलेली प्रत्येक कमांड मुकाट्याने तिथे जाते. ते नसलं की तीच कमांड 'क्रेडेन्शियल्स सापडत नाहीत' म्हणून अडते. मला ती अडलेलीच बरी.

रोजची सकाळ मग अशी:

एडब्ल्यूएस एसएसओ लॉगिन --एसएसओ-सेशन काम

प्रोफाइलचं नाव देऊनही चालतं, पण सेशनचं दिलं की त्यावरची सगळी प्रोफाइल एकदम जागी होतात. आणि लगेच, काहीही करण्याआधी:

एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी --प्रोफाइल डेव्ह-वाचन

उत्तरात अकाउंट क्रमांक येतो, आणि एक लांब ओळ येते जिच्यात 'एडब्ल्यूएसरिझर्व्हडएसएसओ' हा शब्द, रोलचं नाव आणि शेवटी तुमचं लॉगिन नाव असतं. ती ओळ वाचायची सवय लावून घ्या. केलेल्या कामाची नोंद क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत, याच ओळीने होते. सगळी टीम एकच किल्ली वापरत होती तेव्हा 'कुणी केलं' या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आता आहे.

दर वेळी प्रोफाइल टाइप करायचं नसेल तर एडब्ल्यूएस_प्रोफाइल हे व्हेरिएबल, मोठ्या अक्षरांत, त्या टर्मिनलपुरतं एक्स्पोर्ट करा. ते प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांडच्या आधी टर्मिनल दाखवतं त्या मजकुरात, दिसेल अशी व्यवस्थाही करा. माझ्या टर्मिनलवर 'प्रोड' आलं की प्रॉम्प्ट लाल होतो. एका ओळीचं काम आहे, पण मला त्याचा फार आधार वाटतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. या प्रकारात घड्याळं दोन असतात आणि बहुतेक त्रास ही दोन एकच समजल्याने होतो.

पहिलं घड्याळ पोर्टलच्या लॉगिनचं. मुद्दाम बदललं नसेल तर ८ तास. अ‍ॅडमिन ते कमी-जास्त करू शकतो. दुसरं घड्याळ रोलच्या किल्लीचं. ते प्रत्येक परमिशन सेटवर, म्हणजे रोलमागच्या अधिकारांच्या संचावर, वेगळं ठरतं, न बदलल्यास १ तास, जास्तीत जास्त १२ तास. आमच्याकडे डेव्हचं ४ तास आणि प्रोडचं मुद्दाम १ तासच ठेवलंय.

एखाद्या भक्तनिवासात उतरल्यासारखं समजा. काउंटरवर ओळखपत्र दाखवून नोंद एकदाच केली. ती नोंद आहे तोवर खोलीची किल्ली कितीही वेळा मागा, पुन्हा ओळखपत्र विचारत नाहीत. नोंद म्हणजे पहिलं घड्याळ, हातातली किल्ली म्हणजे दुसरं. टर्मिनलवर प्रोफाइल देऊन काम करता तेव्हा तासाभराने किल्ली संपली तरी तुम्हाला कळतही नाही, कारण एडब्ल्यूएसचा प्रोग्राम स्वतः काउंटरवर जाऊन नवी घेऊन येतो. ब्राउझर उघडत नाही, काही विचारत नाही. पहिलं घड्याळ संपलं की मात्र कुणीतरी माणसाने पुन्हा लॉगिन करावंच लागतं.

घोळ होतो तो किल्ली बाहेर काढून हातात धरली की. काही जुनी साधनं, काही कंटेनर, काही स्क्रिप्ट प्रोफाइल ओळखत नाहीत. त्यांना तीन व्हेरिएबल हवी असतात: अ‍ॅक्सेस की, सीक्रेट आणि सेशन टोकन. त्यासाठी ही कमांड आहे:

एडब्ल्यूएस कॉन्फिगर एक्स्पोर्ट-क्रेडेन्शियल्स --प्रोफाइल डेव्ह-बदल --फॉरमॅट ईएनव्ही

ईएनव्ही म्हणजे ई, एन, व्ही ही तीन अक्षरं. ती एक्स्पोर्टच्या ओळी छापते. लिनक्सवर किंवा मॅकवर ही सगळी कमांड डॉलर आणि कंसात घालून, दुहेरी अवतरणात, सगळ्यात आधी 'इव्हॅल' लिहिलं की व्हेरिएबल थेट त्या टर्मिनलमध्ये बसतात, किल्ली पडद्यावरही येत नाही आणि कॉपी-पेस्टही होत नाही. विंडोजच्या पॉवरशेलसाठी फॉरमॅटच्या जागी पॉवरशेल. पूर्वी लोक पोर्टलच्या पानावरून या तीन ओळी कॉपी करून आणायचे, अजूनही आणतात. ते चालतं, पण क्लिपबोर्डवरची गोष्ट पुढच्या पेस्टला कुठल्या चॅटमध्ये पडेल याचा भरवसा नसतो.

अशी बाहेर काढलेली किल्ली कुणी नवी करून आणत नाही. ती फळ्यावर लिहून ठेवलेल्या आकड्यासारखी असते. गेल्या वर्षी माझ्याकडूनच हे झालं. ग्राहकाच्या डेटाबेसची सव्वाशे जीबीची फाइल एस३ वर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल साठवायच्या सेवेवर, चढवायची होती. घरचं इंटरनेट, अंदाजे साडेतीन तासांचं काम. मी प्रोडची व्हेरिएबल एक्स्पोर्ट करून चढवायला लावली आणि जेवायला गेले. बरोबर एका तासाने 'एक्स्पायर्ड टोकन'. मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी चढते आणि प्रत्येक तुकड्यावर वेगळी सही लागते. त्यामुळे काम सुरू झालं तेव्हा किल्ली जिवंत होती एवढं पुरत नाही, शेवटच्या तुकड्यापर्यंत ती जिवंत लागते. शिवाय अर्धवट चढलेले तुकडे आवरून घ्यायलाही किल्ली लागते, तीच मेलेली. ते तुकडे बकेटमध्ये (एस३ वरच्या कप्प्यात) तसेच पडून राहतात, यादीत दिसत नाहीत आणि त्यांचे पैसे लागत राहतात. त्या रात्री मी व्हेरिएबल पुसून तीच कमांड प्रोफाइल देऊन चालवली, सकाळी फाइल वर होती. नंतर बकेटवर एक लाइफसायकल नियमही लावला, अर्धवट अपलोड सात दिवसांनी आपोआप पुसणारा. तुमच्या बकेटवर असा नियम नसेल तर आजच लावून टाका.

म्हणून माझा क्रम असा: आधी प्रोफाइल. ते चालत नसेल तर क्रेडेन्शियल_प्रोसेस. तेही चालत नसेल तरच एक्स्पोर्ट. मधला प्रकार फारसा कुणी वापरत नाही आणि मला तोच सगळ्यात आवडतो. कॉन्फिग फाइलमध्ये एक नवं प्रोफाइल लिहायचं आणि त्यात एकच ओळ:

[प्रोफाइल जुनं-साधन]
क्रेडेन्शियल_प्रोसेस = एडब्ल्यूएस कॉन्फिगर एक्स्पोर्ट-क्रेडेन्शियल्स --प्रोफाइल डेव्ह-बदल --फॉरमॅट प्रोसेस

ज्या साधनाला एसएसओ कळत नाही पण प्रोफाइल कळतं, त्याला हे प्रोफाइल द्या. किल्ली संपत आली की ते साधन ही कमांड स्वतः चालवून नवी घेतं. हीच कमांड हाताने चालवून बघितलीत तर उत्तरात 'एक्स्पिरेशन' म्हणून मुदतही दिसते. ती वेळ आपली नसते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ११:४० लिहिलं असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे ५:१०. "ताई, किल्ली आधीच संपलेली येतेय" असा फोन मला दोनदा तरी आलाय, दोन्ही वेळा हीच बेरीज राहिली होती.

एक्स्पोर्ट केलेल्या व्हेरिएबलचा आणखी एक काटा. ती सेट असतील तर एडब्ल्यूएस_प्रोफाइल या व्हेरिएबलला कुणी विचारत नाही, आधी त्यांनाच मान मिळतो. तुम्ही प्रोफाइल बदलता, प्रॉम्प्ट बदलतो आणि कमांड मात्र जुन्याच किल्लीने जुन्याच अकाउंटवर जाते. कमांडमध्ये --प्रोफाइल स्पष्ट लिहिलं तर तसं होत नाही. 'अनसेट' करून तिन्ही व्हेरिएबल पुसा, किंवा सरळ नवीन टर्मिनल उघडा. आणि गेट-कॉलर-आयडेंटिटी चालवा. वागणं विचित्र वाटलं की पहिलं औषध तेच.

आता ब्राउझर नसलेल्या मशीनबद्दल. समजा तुम्ही एसएसएचने एका दूरच्या मशीनवर काम करताय. २.२२ पासून लॉगिन झाल्यावर ब्राउझर त्याच मशीनवरच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर परत येतो. ब्राउझर तुमच्या लॅपटॉपवर आणि टर्मिनल दुसरीकडे असेल तर तो परत येतो लॅपटॉपवर, तिथे कुणी वाट बघत नसतं, आणि पान उघडत नाही. अशा वेळी:

एडब्ल्यूएस एसएसओ लॉगिन --एसएसओ-सेशन काम --यूज-डिव्हाइस-कोड

टर्मिनल एक पत्ता आणि चार-चार अक्षरांचा, मध्ये रेघ असलेला कोड छापतं. तो पत्ता लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर उघडा, कोड जुळतोय का बघा आणि मंजुरी द्या. टीव्हीवर एखादं अ‍ॅप चालू करताना मोबाइलवर कोड टाकतो तीच ही पद्धत. २०१९ मध्ये आरएफसी ८६२८ या इंटरनेट मानकाने ती प्रमाणित झाली.

या पद्धतीचा धोका मात्र घरातल्या सगळ्यांना समजावा असा आहे. कोड ज्याने सुरू केला त्याच्या टर्मिनलला किल्ली मिळते. मंजुरी देणारा कुणीही असो. म्हणजे कुणी परका माणूस आपल्या मशीनवर लॉगिन सुरू करेल, आलेली लिंक तुम्हाला "जरा हे मंजूर करा" म्हणून पाठवेल, पान खरंखुरं एडब्ल्यूएसचंच असेल, लॉगिन तुमचंच असेल, मोबाइलवरचा दुसरा टप्पाही तुम्हीच पार कराल आणि टोकन त्याच्या हातात जाईल. पासवर्ड कुठेच चोरीला गेला नाही, तरी घर उघडलं. आवृत्ती २.२२ ने कोडऐवजी ब्राउझर त्याच मशीनवर परत यायची पद्धत नेहमीची केली, त्याचा मोठा फायदा म्हणजे हा धोका टळतो. म्हणून जो कोड तुमच्या स्वतःच्या टर्मिनलवर, आत्ता, तुमच्या डोळ्यांसमोर छापला गेला नाही तो मंजूर करायचा नाही. मी पाठवला तरी नाही. मला फोन करा.

आणि सर्व्हरवर रात्री आपोआप चालणाऱ्या कामांसाठी हे लॉगिन वापरूच नका. क्रॉनच्या शेजारी मंजुरी द्यायला माणूस बसलेला नसतो. एडब्ल्यूएसच्याच सर्व्हरवर असाल तर त्या सर्व्हरला रोल जोडा, तात्पुरती किल्ली त्याला आतूनच मिळते. आमचा बॅकअप आता तसाच चालतो आणि कुणाच्याही नावावर नाही.

लॅपटॉपवर टोकन कुठे राहतं तेही माहीत असू द्या. .एडब्ल्यूएस फोल्डरात एसएसओ, त्यात कॅश. तिथल्या फाइलमध्ये पोर्टलचं टोकन साध्या मजकुरात असतं. हे टोकन म्हणजे काउंटरवरची नोंद, एका किल्लीपेक्षा मोठं, कारण त्यातून तुमच्या सगळ्या रोलच्या किल्ल्या निघतात. हा फोल्डर ड्राइव्हवर सिंक होत असेल तर बंद करा. डॉटफाइल्सच्या, म्हणजे आपल्या सेटिंगच्या फाइलींच्या, रेपोमध्ये कॉन्फिग जाऊ द्या, कॅश नको. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी. दुरुस्तीला देण्याआधी किंवा दिवस संपताना:

एडब्ल्यूएस एसएसओ लॉगआउट

यात कॅशमधली टोकनं पुसली जातात. पण आधीच बाहेर काढलेली किल्ली तिच्या मुदतीपर्यंत चालतच राहते. लॉगआउटचा हात तिथपर्यंत पोचत नाही. प्रोडचं घड्याळ मी एका तासावर का ठेवलंय ते यावरून लक्षात येईल.

नेहमी येणारे काही निरोप. 'एसएसओ सेशन संपलंय किंवा अवैध आहे' म्हणजे पहिलं घड्याळ संपलं, पुन्हा लॉगिन करा. 'एक्स्पायर्ड टोकन' म्हणजे दुसरं संपलं आणि तुम्ही बाहेर काढलेल्या किल्लीवर काम करताय, व्हेरिएबल तपासा. 'फॉरबिडन, नो अ‍ॅक्सेस' म्हणजे लॉगिन ठीक आहे पण त्या अकाउंटमधला तो रोल तुमच्या नावे नाही, किंवा रोलच्या नावात अक्षर लहान-मोठं झालंय. सही जुळत नाही किंवा वेळ जुळत नाही असं म्हणत असेल तर घड्याळ बघा, भिंतीवरचं नाही, मशीनचं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांचं घड्याळ, लॅपटॉप झोपेतून उठल्यावर, मागे पडतं. आमच्याकडे वीज गेली की लॅपटॉप झोपवून ठेवायची सवय, त्यामुळे हे वरचेवर होतं. डब्ल्यूएसएलच्या आत 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक -एस' चालवलं की वेळ जागेवर येते, तेवढ्याने न झाल्यास डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून चालू करा.

हे सगळं नीट चालायला लागलं की शेवटचं काम उरतं: जुनी कायमची किल्ली काढणं. हे घाईने करू नका. आयएएममधल्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या यूजर आणि अधिकार सांभाळणाऱ्या सेवेतल्या, एका यूजरला जास्तीत जास्त दोन किल्ल्या असू शकतात, त्या 'एडब्ल्यूएस आयएएम लिस्ट-अ‍ॅक्सेस-कीज' ने दिसतात. मग प्रत्येकीसाठी:

एडब्ल्यूएस आयएएम गेट-अ‍ॅक्सेस-की-लास्ट-यूज्ड --अ‍ॅक्सेस-की-आयडी, आणि पुढे तिचा क्रमांक

ती शेवटची कधी, कुठल्या सेवेसाठी, कुठल्या रीजनमध्ये वापरली गेली ते उत्तरात येतं. त्या बॅकअपच्या वेळी ही एक कमांड मी चालवली असती तर 'काल रात्री, एस३, मुंबई' असं उत्तर आलं असतं आणि नऊ रात्री वाचल्या असत्या. वापर दिसला तर आधी वापरणारा शोधा. दिसला नाही तर किल्ली नुसती 'इनअ‍ॅक्टिव्ह' करा, पुसू नका. मी पूर्ण एक महिना आणि वर पाच दिवस थांबते, कारण काही कामं महिन्यातून एकदाच, एक तारखेला चालतात. या काळात कुणी ओरडलं तर एका कमांडने ती परत चालू होते. कुणी ओरडलं नाही की पुसून टाका.

मग आपल्या लॅपटॉपवर .एडब्ल्यूएस फोल्डरातली क्रेडेन्शियल्स नावाची फाइल उघडा, एकेआयए शोधा, त्या ओळी काढा. काहीच उरलं नाही तर फाइलच काढून टाका. नवीन टर्मिनल उघडा आणि गेट-कॉलर-आयडेंटिटी या वेळी प्रोफाइल न देता चालवा. 'क्रेडेन्शियल्स सापडत नाहीत' असं उत्तर आलं की मला मेसेज टाका, मी यादीत तुमच्या नावापुढे खूण करते.